मामाची शिट्टी कुठे ठेवायची?

1 जुलै 1998 रोजी आमचं कारंजं अकोला जिल्ह्यातून उठून वाशीम जिल्ह्यात गेलं आणि गावातल्या कुत्र्यामांजरांनासुद्धा त्याचा पत्ता लागला नाही. सकाळी दूधवाला आला तोच, गुरुमंदिरात आरती झाली तीच. बदल झाला तो कागदावर. मग हळूहळू नव्या गाड्यांवर एमएच 30 ऐवजी एमएच 37 दिसू लागलं आणि कलेक्टर कचेरीच्या कामाला वेगळ्या दिशेची एसटी धरावी लागू लागली. वाशीमला हे नवीन नव्हतं. इंग्रजी अमदानीत बासीम नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. 1905 साली तो मोडून बराचसा अकोल्यात घातला आणि 93 वर्षांनी पुन्हा बाहेर काढला. लोकसभेच्या वेळी तर आजही जिल्हा दोन कप्प्यांत पडतो. रिसोडवाले अकोल्याचा खासदार निवडतात, आम्ही कारंजेकर आणि वाशीमकर यवतमाळ-वाशीमचा. माणसं जागच्या जागी आणि फाईल मात्र हिंडतेय.

उभी हयात एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काढल्यामुळे मला असल्या गोष्टींत नको इतका रस. कुणाकडे गेलो आणि यजमान चहाचं विचारू लागले की माझी नजर त्यांच्या पुस्तकांच्या फळीवर. आत्मचरित्रांत पाककृती घुसलेली, ज्ञानेश्वरीला टेकून स्पर्धा परीक्षेचं गाइड. हात शिवशिवतात. निवृत्तीनंतर तर ते नुसतेच शिवशिवतात, त्यांना काम नाही. त्यामुळे यंदाच्या दिवाळीत भाचा म्हणाला, "मामा, माझ्याकडे लय पसारा झालाय, लावायला बसता का सोबत?" तेव्हा मी हो म्हणायच्या आधीच चपला पायांत घातल्या होत्या.

पसारा पुस्तकांचा नव्हता, आवाजांचा होता.

भाचा पुण्याच्या एका कंपनीत व्हिडिओ गेमना आवाज देतो. तो गात नाही की बोलत नाही. गेममधलं पात्र चाललं की पावलं वाजली पाहिजेत, दार उघडलं की करकरलं पाहिजे, तलवार म्यानातून निघाली की अंगावर काटा आला पाहिजे, हे त्याचं काम. ताईला हे लग्नाच्या बाजारात सांगताना फार जड जातं. मुलगा काय करतो, तर पावलं वाजवतो. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 साली काढलेला 'राजी' हा खेळ परदेशातसुद्धा नावाजला गेला, असं भाच्याने तिला परोपरीने सांगून पाहिलं. तिच्या लेखी खेळ म्हणजे लगोरी, आणि लगोरी खेळायला कुणी पगार देत नाही.

आता या आवाजांमागचा 'इव्हेंट' काय असतो ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. गेम लिहिणारा प्रोग्रामर स्वतः आवाजाची फाईल वाजवत नाही. तो नुसती वर्दी देतो: पाऊल पडलं. पुढचं सगळं त्या वर्दीमागे बसलेल्या इव्हेंटने पाहायचं. पाय काळ्या मातीत पडला की फरशीवर, जमीन ओली की कोरडी, पात्र चालतंय की पळतंय. आठ-दहा रेकॉर्डिंगांतलं कोणतं काढायचं, सूर किंचित चढवायचा की उतरवायचा, म्हणजे एकच पाऊल पुन्हा पुन्हा वाजतंय असा खेळणाऱ्याला संशय येऊ नये. या धंद्यात दोन सॉफ्टवेअरांचा बोलबाला आहे. एक कॅनडातल्या माँट्रियलच्या ऑडिओकायनेटिकचं वाइज, दुसरं ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या फायरलाइटचं एफमॉड. भाचा एफमॉडवाला. त्याच्याकडे इव्हेंटांची हजारावर भरती झालेली, आणि फोल्डर म्हणून एकही नाही. सगळे एका लांबच लांब यादीत, वर्णानुक्रमे. वर्णानुक्रम हा आळशी माणसाचा सुव्यवस्थेवरचा उपाय आहे, हे माझं जुनं मत या यादीने पक्कं केलं.

खेळ कुठल्याशा काल्पनिक गावातला. एक मुलगी आपला हरवलेला बैल शोधत निघते, वाटेत राक्षस भेटतात, वगैरे. आवाज पुष्कळसे इथलेच, आणि ते भाच्याने सुट्ट्यांत येऊन आमच्याच घरात गोळा केलेले. त्यासाठी तो मधल्या खोलीत गाद्या-गोधड्या उभ्या करून एक खोपटं रचतो आणि आत माइक घेऊन बसतो. खिडक्या बंद, पंखा बंद, दिवा बंद. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त कवींचे प्रकार पाडताना, लिहिण्याच्या वेळेवरूनसुद्धा चार जाती सांगितल्या आहेत. त्यातला पहिला असूर्यंपश्य, म्हणजे सूर्य न बघता कोंडून घेऊन लिहिणारा. आमचा भाचा त्या जातीचा. राजशेखराचं नाव उगीच आलं नाही. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न त्याने याच ग्रंथात विदर्भातल्या वत्सगुल्म नगरीत, म्हणजे आपल्या वाशीमला लावून दिलं आहे. प्रकार, उपप्रकार आणि पोटप्रकार पाडण्याला वाहिलेल्या ग्रंथात वाशीम येतं ते मात्र मंगलकार्याचं ठिकाण म्हणून.

तर पसारा लावायचा होता आणि त्यासाठी भाच्याने एजंट लावला होता. ताईने तो शब्द ऐकला आणि स्वयंपाकघरातून विचारलं, "कमिशन किती घेते रे थो?" भाचा म्हणाला, "घेतो आई, पण शब्दांवर घेतो." हे खरंच आहे. हा एजंट म्हणजे संगणकातला मदतनीस. त्याला साध्या भाषेत काम सांगायचं, हाताशी थोडी अवजारं द्यायची: यादी वाच, फोल्डर कर, इकडचं तिकडे हलव, नाव बदल. मग तो स्वतःच एकेक पायरी ठरवून काम उरकतो. किती शब्द वाचले आणि किती लिहिले, यावर त्याचं बिल होतं. अशा मदतनिसांना वेगवेगळी सॉफ्टवेअरं एकाच पद्धतीने जोडता यावीत म्हणून अँथ्रॉपिक कंपनीने 2024 च्या नोव्हेंबरात एक खुला नियमसंच जाहीर केला, आणि तेव्हापासून अशा जोडण्यांचं पेव फुटलं आहे. भाच्याने कुणीतरी एफमॉडसाठी केलेली अशीच जोडणी उतरवून घेतली होती. मी म्हटलं, मग माझं काय काम? तो म्हणाला, "तुम्ही नुसतं बघा. तुमची नजर पाहिजे."

त्याने हुकूम टंकला: सगळ्या इव्हेंटांची नावं वाच, कोणते फोल्डर करावेत ते सुचव, माझ्या होकाराशिवाय एकही गोष्ट हलवू नको. शेवटचं वाक्य मला फार आवडलं. आयुष्यात नवीन शिपायाला पहिल्या दिवशी मी हेच सांगत आलो.

एजंटाने चहा निवायच्या आत यादी वाचून काढली आणि फोल्डरांचा आराखडा मांडला. वर दोन ओळींचा गोषवारा होता: हा शेतीवर आधारलेला, कौटुंबिक वळणाचा खेळ दिसतो; यंत्रसामग्री आणि स्वयंपाकघर यांना यात महत्त्वाचं स्थान आहे.

भाचा डोक्याला हात लावून बसला. मी आराखडा वाचू लागलो. 'शेती' या फोल्डरात 'कडबा_तोड_जोरात' नावाचे कितीतरी इव्हेंट. बरोबरच आहे की, मी म्हटलं. भाचा म्हणाला, "मामा, ती हाडं आहेत."

राक्षसाची हाडं मोडतात तो आवाज कुठून आणायचा? हाडं मोडून आणत नाहीत. विलायतेत सेलरीची जुडी पिळतात म्हणे, आणि घोड्याच्या टापांना नारळाच्या करवंट्या वाजवतात. नाटक-सिनेमातली ही जुनीच विद्या आहे. भाच्याने आपल्याकडचं शोधून काढलं: ज्वारीचा वाळलेला कडबा, फडक्यात गुंडाळून, माइकजवळ. यात तो कडबा मिळवण्याचंच रामायण झालं होतं, कारण इकडे जिकडेतिकडे सोयाबीन आणि ज्वारी पेरणारा शोधावा लागतो. शेवटी एकाच्या गोठ्यातून दोन पेंढ्या आल्या आणि रात्री एक वाजता आमच्या मधल्या खोलीत राक्षस मारला गेला. 'सोयाबीन_मळणी_दूरून' हा इव्हेंट एजंटाने 'यंत्रे'मध्ये टाकला होता. खेळात ती डोंगरापलीकडून चाल करून येणारी फौज आहे. 'आई_कुकर_तिसरी' स्वयंपाकघरात गेला होता. खेळात तो झोपलेल्या अजगराचा सुस्कारा. तिसरी म्हणजे तिसरी शिट्टी. पहिल्या दोन शिट्ट्यांत पुरेसा जीव नसतो, असं भाच्याचं शास्त्र सांगतं.

यात एजंटाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ताईच्या फडताळात बोर्नव्हिटाच्या डब्यात मेथ्या आहेत, 'साखर' असं कोरलेल्या पितळी डब्यात खडेमीठ, आणि 'मीठ' लिहिलेल्या बरणीत कधीपासूनच्या चाव्या. ताई अंधारात हात घालून बिनचूक वस्तू काढते, कारण डब्यावर काय लिहिलंय हे तिने गेल्या तीस वर्षांत वाचलेलं नाही. एजंट म्हणजे या फडताळापुढे पहिल्यांदा उभा राहिलेला, वाचायला फार हुशार पाहुणा. त्याला ऐकण्याची सोय दिलेली नव्हती. तो नावं वाचत होता, आणि नावं भाच्याने रात्री एक वाजता, डोळ्यांवर झोप असताना, फक्त स्वतःला कळावं म्हणून दिलेली.

यादीच्या तळाशी एक प्रश्न होता. एजंटाने 'पात्रे' या फोल्डरात 'मामा' असं उपफोल्डर सुचवलं होतं, त्यात एकच इव्हेंट: 'मामा_शिट्टी_2_चांगली'. आणि खाली विनयाने विचारलं होतं: मामा हे पात्र खेळाडूच्या बाजूचं आहे की शत्रूच्या?

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. उत्तर द्यायला त्याने जरा जास्तच वेळ घेतला असं मला वाटलं.

त्या शिट्टीची हकीकत अशी. खेळात एक छोटी आगगाडी आहे, आणि भाच्याला ती आमच्या शकुंतलेसारखी हवी होती. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची गाडी, किलिक निक्सन कंपनीच्या काळातली. मँचेस्टरला 1921 साली बांधलेलं वाफेचं इंजिन तिला 1994 च्या एप्रिलपर्यंत ओढत होतं. मग डिझेल आलं, आणि आता काही वर्षांपासून गाडीच बंद आहे. रुळांत गवत माजलंय. रेकॉर्ड करायला जायचं कुठे? मी तिच्यातून इतक्या वेळा गेलोय की ती शिट्टी माझ्या कानात बसलेली आहे: आधी घोगरी, मग चढत जाऊन एकदम तुटणारी. पोरं असताना आम्ही दोन्ही तळव्यांची ओंजळ करून ती हुबेहूब काढायचो. तेव्हा या वयात मी गोधड्यांच्या खोपट्यात शिरलो आणि शकुंतला झालो. भाच्याने तिचा सूर खाली ओढला, थोडा घुमारा घातला, आणि खरं सांगतो, ऐकून मलाच क्षणभर यवतमाळ आठवलं.

आता हा आवाज कुठे ठेवायचा? वाहनांत? माणसांच्या आवाजांत? भाचा म्हणाला वाहनांत, कारण खेळणाऱ्याला गाडीच दिसणार. मी म्हटलं, पण उद्या तुला शिट्टी बदलायची असली तर शोधशील कुठे? तो म्हणाला, "मामा म्हणूनच शोधीन." बघा. ठेवणारा एका नावाने ठेवतो आणि काढणारा दुसऱ्याच नावाने हाक मारतो. वाचनालयात हे मी रोज पाहिलं. लेखकाचं नाव, विषय, वर्गांक सगळं कार्डावर टंकून ठेवा. वाचक येऊन म्हणणार, ते निळ्या कव्हरचं द्या, मागच्या महिन्यात देशमुख वहिनींनी नेलेलं.

यावर डोकं लढवलेला माणूस म्हणजे शियाळी रामामृत रंगनाथन. मूळचे गणिताचे प्राध्यापक. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि मग शिकायला लंडनला गेले. तोवर जगात चलती होती मेल्विल ड्यूईच्या 1876 सालच्या दशांश पद्धतीची, जिथे प्रत्येक विषयाचा खण आधीच ठरलेला. रंगनाथनांना ते पटेना. लंडनच्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला: त्याच त्या पट्ट्या आणि स्क्रू, पण हवं ते जोडा. त्यावरून त्यांना सुचलं की विषयाला एका खणात कोंबण्यापेक्षा त्याच्या अंगांची जोडणी करावी. मूळ वस्तू कोणती, कशाची, तिचं काय चाललंय, कुठे, केव्हा. त्यातून 1933 साली त्यांची द्विबिंदू पद्धत छापून आली. ग्रंथालयशास्त्राचा एवढा मोठा विचार खेळण्याच्या दुकानात सुचला, हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा त्याने पहिल्यांदा हेडफोन काढून ऐकलं.

"म्हणजे टॅग," तो म्हणाला. एफमॉडमध्ये इव्हेंटला फोल्डर एकच, पण टॅग हवे तेवढे चिकटवता येतात. शिट्टी राहील वाहनांत. टॅग लागतील: मामा, तोंडाने, कारंजा, वाफ, बदलायची आहे. शेवटचा टॅग मला खटकला, पण मी गप्प राहिलो.

बैलाच्या घुंगरांनी मात्र आम्हाला रात्रभर छळलं. बैल हे पात्र आहे की परिसर? लांब रानात चरताना घुंगरं वाजली तर परिसर. मुलगी गाडीत बसली की तेच बैल वाहन. आणि पोळ्याच्या दिवशी, गोष्टीच्या शेवटी, सजवलेल्या बैलांच्या रांगेत तीच घुंगरं ढोलाच्या तालावर वाजतात, तेव्हा ते संगीत. पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत रेकॉर्ड केलेला नगारा एजंटाने साहजिकच संगीतात ठेवला होता. खेळात तो तांड्याची हद्द आली हे सांगतो; त्याचा ठेका कुणी ऐकत बसत नाही, सावध होतं. भाच्याने तो 'सूचना'मध्ये हलवला. मी विचारलं, उद्या प्रोग्रामर कुठे शोधेल? त्याचं उत्तर होतं की प्रोग्रामर कुठेच शोधत नाही, तो मला फोन करतो.

इथे एक खरी अडचण आहे आणि ती फक्त नीटनेटकेपणाची नाही. एफमॉडमध्ये फोल्डर हाच इव्हेंटच्या पत्त्याचा भाग. प्रोग्रामरने कोडात पत्ता लिहून ठेवला असेल आणि तुम्ही इव्हेंट दुसऱ्या फोल्डरात नेला, तर वर्दी जुन्या घरी जाते आणि तिथे कुणी नसतं. खेळ बंद पडत नाही, नुसता मुका होतो. तलवार फिरते, आवाज नाही. प्रत्येक इव्हेंटला 32 अक्षरांचा एक कायमचा ओळख क्रमांकही असतो. कोड त्या क्रमांकावर बांधलेलं असेल तर घरं कितीही बदला, वर्दी पोचते. वाइजमध्ये आणखी तिसरीच तऱ्हा: तिथे क्रमांक नावावरून निघतो, म्हणून फोल्डर हलवला तरी चालतो, पण नाव सुधारायला गेलात की घोटाळा. तेव्हा 'माझ्या होकाराशिवाय हलवू नको' ही अट शिपायाला वचक बसावा म्हणून नव्हती. पुढे आराखडा पक्का झाल्यावर भाच्याने एजंटाकडून आधी पूर्ण तक्ता मागवला, जुना पत्ता आणि नवा पत्ता शेजारी शेजारी. कोडात कुठे कुठे जुना पत्ता लिहिलाय तेही शोधायला लावलं, आणि मगच होकार दिला. तेवढ्यात वीज गेली. लॅपटॉपच्या बॅटरीवर बदली झाली.

कारंज्याला हा उद्योग जुना आहे. काष्ठासंघ, सेनगण आणि बलात्कारगण अशी दिगंबर जैनांची तीन जुनी मंदिरं इथे आहेत, आणि भट्टारकांनी पिढ्यान्‌पिढ्या जमवलेल्या पोथ्यांची भांडारं, कापडी वेष्टनांत बांधलेली. मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची रायबहादूर हिरालाल यांनी 1926 साली नागपूरला छापली. तिच्यात आमच्या पोथ्या मोठ्या संख्येने आहेत. सूचीच्या नावात भाषा दोनच, संस्कृत आणि प्राकृत. पण आत अपभ्रंशातली मोठमोठी काव्यं निघाली. पुढे कारंजा जैन ग्रंथमालेत पुष्पदंताचं हजार वर्षांपूर्वीचं 'जसहरचरिउ' डॉ. प. ल. वैद्यांनी 1931 साली संपादून काढलं. 'णायकुमारचरिउ' 1933 मध्ये आणि कनकामराचं 'करकंडचरिउ' 1934 मध्ये हिरालाल जैन यांनी. हे हिरालाल अमरावतीच्या कॉलेजातले प्राध्यापक. रायबहादूर हिरालाल निराळे. विषय एक, प्रांत एक, काळ एक आणि नावही एक. आमच्याकडे येणारे अभ्यासक दोघांना एकच समजून एकाची पुस्तकं दुसऱ्याच्या नावाने मागत, आणि मी कार्डावर लाल शाईने 'हे ते नव्हेत' असं लिहून ठेवलं होतं. एजंटालाही कुणीतरी हेच लिहून द्यायला हवं होतं.

मला यातलं आवडतं ते असं की ती काव्यं हरवलेली नव्हती. वेष्टनात होती, मंदिरात होती, रोज त्यांच्यावरून झाडणी फिरत होती. ती काय आहेत हे सांगायला कुणीतरी गाठ सोडून पान वाचावं लागलं. सूची करणारा नुसता वेष्टनावरची चिठ्ठी उतरवून घेत गेला असता तर यादी वेळेत झाली असती, आणि पुष्पदंत आणखी काही वर्षं तिथेच निवांत पडला असता.

भाच्याने मग तेच केलं. दुसऱ्या दिवशी तो आवाज एकेक वाजवत गेला, आणि प्रत्येकापुढे एक ओळ लिहीत गेला: हा खेळात कोण वाजवतो, कशासाठी. मी शेजारी बसून ऐकलं. कंटाळवाणं काम होतं, आणि ते एजंट करू शकत नव्हता. ती ओळ हातात पडल्यावर मात्र त्याने जे केलं ते पाहून मी चकित झालो. खेळाडू, शत्रू, परिसर, वाहने, सूचना, संगीत अशी मांडणी. घुंगरांचे तीन वेगळे इव्हेंट करावेत अशी सूचना. 'फायनल', 'फायनल_खरं' आणि 'फायनल_आता_नक्की' या तिघांतलं खेळात कोणतं वापरलंय त्याची नोंद. ते 'फायनल' निघालं. शिपाई चांगला निघाला. त्याला पहिल्या दिवशी काम नीट सांगितलेलं नव्हतं, एवढंच.

'इतर' नावाचं फोल्डर त्याने पहिल्या आराखड्यात केलं होतं आणि ते सगळ्यांत मोठं होतं. आतमध्ये पुन्हा 'इतर_नवीन'. कोणत्याही वाचनालयात शिरलात तर संकीर्णाचं कपाट आधी बघावं. ते जेवढं फुगलेलं तेवढा ग्रंथपाल झोपलेला. अर्थात पोथ्यांच्या जगातही गुटके असतातच, एकाच शिवलेल्या वहीत स्तोत्र, पूजाविधी, मंत्र आणि औषधाची कृती. लिहिणाऱ्याला ते सगळं एका प्रवासात लागायचं, म्हणून एकत्र. दुसऱ्या आराखड्यात 'इतर' आक्रसून अगदी थोडकं उरलं. त्यात एक आवाज असा होता की तो कुठून आला ते भाच्यालाही आठवेना, खेळात तो कुठेच वाजत नव्हता, आणि तरी पुसून टाकायला त्याचा हात होईना. ताईने दारातून ऐकलं आणि म्हणाली, "अरे, हे त आपल्या जुन्या आडाच्या रहाटाचं हाय." आड बुजवून कितीतरी वर्षं झाली. भाच्याने त्याला नाव दिलं, सालासकट.

माझं एकच मागणं आहे. मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ या पट्ट्यात कुणाकडे जुन्या लग्नाच्या कॅसेटमध्ये, एखाद्या व्हिडिओच्या मागे, शकुंतलेच्या वाफेच्या इंजिनाची खरी शिट्टी आली असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवावं. भाचा येऊन नक्कल करून घेईल आणि कॅसेट जशीच्या तशी परत देईल. पाठवताना गाव आणि साल लिहा. फाईलचं नाव 'नवीन रेकॉर्डिंग 14' असं ठेवू नका. तोवर त्या खेळातली गाडी माझ्या घशावर चालणार आहे, आणि थंडीत तो बसतो.